दुसऱ्याच्या खटल्यातलं बेट

तो व्हिडिओ मीही पुढे ढकलला होता. नोव्हेंबर 2021, ग्लासगोची हवामान परिषद. कोट-टायमधला एक मंत्री, समोर पोडियम, मागे झेंडे, बोलणं नेहमीच्याच सरकारी थाटाचं. मग कॅमेरा हळूहळू मागे येतो आणि लक्षात येतं, की साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आहे आणि तो पोडियम समुद्राच्या पाण्यात उभा आहे. सायमन कोफे, पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या बेट-देशाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री. मी तो व्हिडिओ शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली 'बिच्चारे' असं लिहिलं. दोघांनी हात जोडले, एकाने विचारलं हे कुठे आलं, आणि विषय मुलांच्या बारावीकडे वळला.

त्याच परिषदेच्या अखेरच्या सत्रात भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी अंतिम मसुद्यातल्या कोळशाबद्दलच्या वाक्यात एक दुरुस्ती मांडली. कोळसा 'टप्प्याटप्प्याने बंद' ऐवजी 'टप्प्याटप्प्याने कमी'. दुरुस्ती मंजूर झाली, बेट-देशांच्या प्रतिनिधींनी उघड नाराजी व्यक्त केली. ही बातमी आमच्या ग्रुपवर कोणी टाकली नाही. मीही नाही.

पाण्यात उभा असलेला मंत्री पाहून आपल्याला वाईट वाटतं. त्या वाईट वाटण्याने आपलं काहीच जात नाही. तुवालूबद्दल आपल्याकडे मराठीत जे थोडंबहुत लिहिलं जातं, ते 'बुडणारा देश' या दोन शब्दांत सुरू होतं आणि तिथेच संपतं. हे दोन शब्द आपण टाकून द्यावेत असं माझं मत आहे. समुद्र चढतो आहे, यात शंका नाही. पण ज्याला बुडणारा म्हटलं, त्याच्याशी आपण बोलणी करत नाही, त्याला दोरी तरी टाकतो नाहीतर श्रद्धांजली तरी वाहतो. आणि तुवालूला बोलणी करायची आहेत.

आधी जागा नीट समजून घेऊ. 'अ‍ॅटॉल'ला मराठीत कंकणद्वीप असा सुरेख शब्द आहे. बांगडीसारखं प्रवाळाचं कडं, मध्ये शांत उथळ पाणी म्हणजे लगून, बाहेर उघडा पॅसिफिक. फुनाफुती हे तुवालूच्या राजधानीचं कंकणद्वीप. त्याच्या लगूनचं क्षेत्रफळ सुमारे 275 चौरस किलोमीटर, आणि जमीन सगळे तुकडे जोडून जेमतेम अडीच. बांगडी आहे, पण बारीक तारेची, तीही जागोजागी तुटलेली. फोंगाफाले हा तिचा सर्वांत मोठा तुकडा, बारा किलोमीटर लांब. रुंदी काही ठिकाणी दहा-वीस मीटर, सर्वांत रुंद ठिकाणी चारशेच्या आसपास. तिथेच धावपट्टी, सरकारी इमारती, घरं, डुकरांचे गोठे, सगळं. देशाच्या दहा-अकरा हजार लोकांपैकी निम्म्याहून अधिक इथे राहतात. नऊ बेटांची मिळून जमीन 26 चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा चौथा हिस्सा. सरासरी उंची दोनेक मीटर.

या देशाच्या हक्काचा समुद्र मात्र सात लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे. महाराष्ट्राच्या दुप्पट. त्यात ट्यूना मासा आहे, आणि परदेशी बोटींना तो पकडू देण्याचे परवाने हे सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'तुवालू' म्हणजे 'आठ जण एकत्र उभे'. बेटं नऊ. नववं नियुलाकिता रिकामं होतं, 1949 मध्ये नियुताओच्या लोकांनी तिथे वस्ती केली. त्याआधी या बेटांचं नाव होतं एलिस. 1819 मध्ये एका जहाजाच्या कप्तानाला फुनाफुती दिसलं. त्याच्या जहाजावरचा माल ज्या ब्रिटिश खासदाराचा होता, त्याचं नाव त्याने बेटाला देऊन टाकलं. त्या खासदाराने हे बेट जन्मात पाहिलं नाही. पुढच्या दोनशे वर्षांत येणाऱ्यांची रीत काही फार बदलली नाही. जो येतो तो आपलंच काही सिद्ध करायला येतो, बेट फक्त पुराव्यादाखल लागतं.

1863 मध्ये पेरूची गुलामांची जहाजं आली. मजुरांची गरज होती आणि इथल्या लोकांना नुकतीच ख्रिस्ती धर्माची ओळख झाली होती. तुम्हाला धर्माचं शिक्षण देतो, असं सांगून नुकुलाएलाए बेटावरची निम्म्याहून अधिक माणसं नेली, फुनाफुतीवरचीही शेकड्याने नेली. परत जवळजवळ कोणीच आलं नाही. फसवणूक विश्वासाच्या वाटेने झाली ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते.

मग शास्त्रज्ञ आले. 1842 मध्ये डार्विनने मांडलं होतं, की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खाली खचत जातं, त्याच्या काठावरचं प्रवाळ वर वर वाढत राहतं, शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि कडं उरतं. हे खरं असेल तर कंकणद्वीप खणल्यावर शेकडो फूट प्रवाळच लागायला हवं. लंडनच्या रॉयल सोसायटीने खणायला निवडलं फुनाफुती. 1896 ची पहिली मोहीम वाळूत फसली. 1897 मध्ये सिडनीचे एजवर्थ डेव्हिड आले, 1898 मध्ये तिसरी तुकडी. एकूण 1,114 फूट खाली गेले, प्रवाळ संपलं नाही. डार्विन बहुतांशी बरोबर ठरला, पण खालचा ज्वालामुखीचा खडक काही हाताला लागला नाही. तो लागला थेट 1952 मध्ये, मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर, हजार मीटरहून खोल. एनेवेटाक खणायचं कारण शास्त्र एवढंच नव्हतं. तिथे अमेरिका अणुबाँबच्या चाचण्या करत होती.

ऑक्टोबर 1942 मध्ये अमेरिकन सैन्य फुनाफुतीवर उतरलं. जपान्यांशी लढायला धावपट्टी हवी होती. नारळाची झाडं तोडली, आणि भराव कमी पडला तेव्हा बेटाच्याच जमिनीत खड्डे खणून प्रवाळ-खडी काढली. युद्ध संपलं, सैन्य गेलं, खड्डे राहिले. जमीन इतकी सच्छिद्र की भरती आली की खड्ड्यांत खारं पाणी वर यायचं. कडेने लोक झोपड्या बांधून राहत, कचरा त्यातच जाई. तब्बल सत्तर वर्षं. 2015 मध्ये न्यूझीलंडच्या पैशाने लगूनमधली वाळू उपसून ते भरले, आणि एवढ्याशा बेटाला वापरता येईल अशी जमीन परत मिळाली.

हे मी सविस्तर सांगतोय कारण 'बुडतं तुवालू' म्हणून वर्षानुवर्षं जी छायाचित्रं जगभर फिरली, त्यातली काही या खड्ड्यांच्या काठची होती. पाण्यात उभी झोपडी, पाठीमागे मूल. तापमानवाढ खरी, पण त्या फोटोतला खड्डा बुलडोझरने केलेला. ज्याला जो पुरावा हवा तो फुनाफुतीवर सापडतो, म्हणतो ते हे.

आता उलट बाजूचा पुरावा. 2018 मध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 1971 ते 2014 या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रं लावून तुवालूचे 101 तुकडे मोजले. निष्कर्ष असा, की समुद्र चढत असूनही एकूण जमीन 73.5 हेक्टरने, म्हणजे 2.9 टक्क्यांनी वाढली. तापमानवाढ हे थोतांड मानणाऱ्या मंडळींना हर्षवायू झाला. बघा, बुडत नाहीये, उलट वाढतंय! आमच्या त्याच ग्रुपवर हाही दुवा आला, यावेळी हसऱ्या इमोजीसकट.

अभ्यास खोटा नाही, प्रामाणिक आहे. कंकणद्वीपाची जमीन ही कोकणातल्या कातळासारखी एकदा झाली ती झाली अशी नसते. मेलेल्या प्रवाळाचा चुरा, शिंपले, सूक्ष्म जीवांची कवचं यांचा तो ढीग, लाटा रोज इकडून काढतात, तिकडे टाकतात. ऑक्टोबर 1972 मध्ये बेबे चक्रीवादळ आलं. फुनाफुतीवरची जवळजवळ सगळी घरं गेली, माणसं दगावली. आणि त्याच वादळाने समुद्राच्या तळातून उपसून जवळपास 19 किलोमीटर लांबीचा, चारेक मीटर उंचीचा प्रवाळ-गोट्यांचा बांध बेटाच्या कडेला आणून टाकला. एका रात्रीत. पुढच्या वर्षांत लाटांनी तो पसरला आणि बेट त्या बाजूने थोडं रुंद झालं. घर मोडणारं आणि जमीन आणून देणारं वादळ एकच. ज्याला या भूगोलाची सवय आहे तो 'वाढली' आणि 'बुडाली' या शब्दांवर उड्या मारत नाही.

अर्थात हा चुरा प्रवाळ जिवंत आहे तोवरच मिळणार. पाणी तापून प्रवाळ पांढरं पडून मेलं की कारखानाच बंद. शिवाय नकाशावर वाळू वाढली म्हणजे माणसाला राहायला जागा झाली असं होत नाही. तेव्हाच्या पंतप्रधानांनी या अभ्यासावर आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर: राहण्याजोगं काय उरलंय ते सांगा.

राहण्याजोगं म्हणजे आधी पाणी. आपल्याला वाटतं समुद्र किनाऱ्यावरून चढून येईल. फुनाफुतीत तो खालून येतो. फेब्रुवारी-मार्चमधल्या मोठ्या भरतीला धावपट्टीच्या कडेच्या गवतातून, घरांच्या अंगणातून बुडबुडे येतात आणि बघता बघता घोटाभर खारं पाणी साचतं. किनाऱ्यावर भिंत बांधून याला आवर घालता येत नाही, जमीन चाळणीसारखी आहे. बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पातळ थरासारखं. लोकांनी शतकानुशतकं खड्डे खणून त्या थरापर्यंत जायचं आणि तिथे पुलाका लावायची. पुलाका म्हणजे आपल्या अळूची राक्षसी बहीण. पानं माणसाहून उंच, जमिनीतला कंद म्हणजे अळकुडीचा अवतार, शिजवायला वेळखाऊ, पोटाला भारी. खड्ड्यात पालापाचोळा घालून माती बनवावी लागते, कारण बेटाला स्वतःची माती अशी नाहीच. ते खारं झालं की पिढ्यांची माती गेली. नारळाच्या पोयीतून काढलेली ताजी माडी, तिथली कालेवे, अजून मिळते. कोकणी माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये.

फुनाफुतीतलं जमिनीखालचं पाणी आता पिण्यालायक नाही. सगळी भिस्त पत्र्यावरून टाकीत पडणाऱ्या पावसावर. 2011 मध्ये पाऊस लांबला तेव्हा सरकारने आणीबाणी जाहीर केली, आणि राजधानीत घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागलं. समुद्राने वेढलेला देश, आणि धोका तहानेचा. मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला 'बुडणारा देश' यापेक्षा 'दोन बादल्या' हे जास्त पटकन कळेल.

समुद्र किती चढला? गेल्या तीस वर्षांत तिथे सुमारे 15 सेंटिमीटर. नासाच्या अंदाजानुसार 2050 पर्यंत बरीचशी जमीन आणि महत्त्वाच्या सोयी नेहमीच्या भरतीच्या पातळीखाली येतील. तारीख फार लांबची नाही. माझ्या मुलीचं गृहकर्ज त्यानंतर फिटेल.

आता मूळ मुद्द्याकडे, तुवालूच्या बोलण्यांकडे येतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात 'फालेपिली' करार झाला, ऑगस्ट 2024 पासून लागू आहे. फालेपिली हा तुवालूचा शब्द, शेजारधर्म असा त्याचा अर्थ. या करारानुसार दरवर्षी 280 तुवालुअनांना ऑस्ट्रेलियात कायमच्या वास्तव्याचा परवाना चिठ्ठी टाकून मिळतो. नोकरीची अट नाही, शिक्षण-आरोग्याच्या सोयी मिळतात, हवं तेव्हा परत जाता-येता येतं. 2025 च्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीय धरून 8,750 जणांची नोंद झाली. जगभर मथळे आले: अख्खा देश निघाला!

नावं नोंदवणं आणि देश सोडणं या दोन गोष्टी आहेत. अर्जाची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर. कोकणात कुठल्या गावात मुंबईतल्या घरांच्या सोडतीची जाहिरात लागली तर किती अर्ज जातील? आणि त्या सगळ्यांनी गणपतीला गावी यायचं सोडलं का? तुवालूचे लोक पिढ्यानपिढ्या बाहेर जात आले आहेत. फॉस्फेटच्या खाणींत मजुरीला, मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून, न्यूझीलंडला. मुंबईच्या चाकरमान्यासारखंच. 1940 च्या दशकात तुवालूतल्या वायतुपू बेटाच्या लोकांनी गर्दी होते म्हणून फिजीमधलं किओआ हे अख्खं बेट विकत घेतलं आणि 1947 मध्ये पहिली 37 माणसं तिथे राहायला गेली. स्थलांतर त्यांना नवं नाही. आपण त्यांना 'पहिले हवामान-निर्वासित' असं नाव देतो, त्यांना ते बिलकूल आवडत नाही.

किओआच्या गोष्टीला एक शेपूट आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या त्या बेटावरच्या लोकांना फिजीचं पूर्ण नागरिकत्व मिळालं 2005 मध्ये. पुनर्वसन हा शब्द सरकारी कागदावर किती सहज लिहिला जातो आणि प्रत्यक्षात किती पिढ्या खातो, हे कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारावं.

फालेपिली वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो तुवालूने मागून घेतलेला करार आहे, आणि त्यात एक कलम फार मोलाचं आहे: समुद्र चढला तरी तुवालूचं राज्य म्हणून अस्तित्व आणि सार्वभौमत्व चालू राहील, हे ऑस्ट्रेलियाने लिहून दिलंय. पण त्याच करारात दुसरं कलम आहे. संरक्षण, पोलीस, सायबर सुरक्षा, बंदरं, दूरसंचार अशा बाबतींत तुवालूने तिसऱ्या कोणाशी काही ठरवायचं झालं तर ऑस्ट्रेलियाची सहमती हवी. डोळा अर्थातच चीनवर. तुवालू हा तैवानला मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. त्यांचेच माजी पंतप्रधान एनेले सोपोआगा यांनी या कलमावर टीका केली. ती मला रास्त वाटते. शेजारधर्म म्हणून घरात खोली दिली, आणि बदल्यात तुमच्या घराच्या दाराला कोण कडी लावणार ते आम्ही ठरवू म्हटलं. शिवाय हा शेजारी कोळसा आणि नैसर्गिक वायू यांच्या जगातल्या बड्या निर्यातदारांपैकी आहे. 280 परवाने देऊन तो हिशेब चुकता होत नाही. भरपाई वेगळी आणि आसरा वेगळा. आसऱ्याच्या कौतुकात भरपाईचा मुद्दा मागे पडतो आहे.

तुवालूला हवंय काय? त्यांच्या कृतीवरून बघा. बाहेरचा निधी आणून त्यांनी फोंगाफालेच्या लगूनकडच्या बाजूला 780 मीटर लांब, 100 मीटर रुंद नवी जमीन उभी केली, 2023 मध्ये ती पुरी झाली, आणि तिची उंची या शतकाअखेरचा समुद्र धरून ठेवली आहे. त्याच वर्षी राज्यघटना बदलून लिहिलं, की जमीन राहो न राहो, राज्य कायम राहील. एप्रिल 2025 मध्ये देशातलं पहिलं एटीएम सुरू झालं. गाशा गुंडाळणारे लोक एटीएम बसवत नाहीत.

'डिजिटल राष्ट्र' ही त्यांची दुसरी योजना, बेटांची त्रिमितीय प्रत संगणकात जपून ठेवायची. ती मला तितकीशी पटत नाही. पुलाकाच्या खड्ड्याचं त्रिमितीय चित्र खाता येत नाही. पण इंटरनेटकडून पैसा कसा काढायचा हे या लोकांना आपल्याआधी कळलं होतं हेही खरं. देशाच्या वाट्याला आलेलं डॉट टीव्ही हे इंटरनेट-पत्त्यांचं नाव त्यांनी 2000 च्या सुमारास भाड्याने दिलं आणि त्या पैशातून संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं. 189 वा देश.

सदस्यत्व, सीमा, समुद्र. खरी लढाई इथे आहे. समुद्री कायद्यात हक्काचा समुद्र किनाऱ्यापासून मोजतात. किनारा सरकला तर सात लाख चौरस किलोमीटर आणि त्यातला ट्यूना कोणाचा? 2021 मध्ये पॅसिफिक देशांनी एकत्र जाहीर केलं की आमच्या एकदा ठरलेल्या सीमा समुद्र चढला म्हणून आकसणार नाहीत. आणि 23 जुलै 2025 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं, की एकदा स्थापन झालेल्या राज्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राज्यत्व गेलंच असं होत नाही, आणि हवामानाची हानी टाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. 26 चौरस किलोमीटरच्या माणसांनी इतर बेट-देशांच्या साथीने, दबून न राहता मिळवलेली ही गोष्ट आहे.

अशा हट्टाची त्यांना सवय आहे. ब्रिटिशांनी त्यांना गिल्बर्ट बेटांबरोबर एकाच वसाहतीत बांधलं होतं. भाषा वेगळी, वंश वेगळा, संख्येने कमी. 1974 मध्ये सार्वमत घेतलं. ब्रिटिशांनी बजावलं, वेगळे झालात तर फॉस्फेटच्या उत्पन्नात वाटा नाही, जहाज एकच मिळेल. 3,799 मतं वेगळं होण्याच्या बाजूने पडली, विरोधात 293. एक जहाज घेऊन ते निघाले आणि 1 ऑक्टोबर 1978 ला स्वतंत्र झाले. परवडेल का, हा प्रश्न त्यांना तेव्हाही सगळ्यांनी विचारला होता. मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांना हा प्रश्न कोणत्या सुरात विचारला जातो ते माहीत आहे.

मग आपण. हेगच्या त्याच खटल्यात डिसेंबर 2024 च्या सुनावणीत भारताचं म्हणणं असं होतं, की विकसित देशांची जबाबदारी मोठी आहे आणि न्यायालयाने सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधनं घालू नयेत. 2009 मध्ये कोपनहेगनला तुवालूने कायद्याने बांधील असा नवा मसुदा मांडला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत चीन आणि सौदी अरेबियाबरोबर भारतही होता.

भारताचा युक्तिवाद मला मान्य आहे, हेही सांगतो. आपला माणशी कार्बन वर्षाला दोनेक टन, अमेरिकेचा आणि ऑस्ट्रेलियाचा चौदाच्या आसपास. आपल्याकडे अजून घराघरात पुरेशी वीज नाही आणि ज्यांनी दोनशे वर्षं धूर काढला ते आपल्याला संयम शिकवतात. वॉशिंग्टनसमोर हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तोच कागद आपण फुनाफुतीसमोर धरतो तेव्हा काय होतं? तिथला माणूस आपल्याहून गरीब नसेल कदाचित, पण त्याने धूर काढलेला नाही. एकूण धुरात आपण आज जगात तिसरे आहोत. श्रीमंतांकडे बोट दाखवताना मागे उभा असलेला लहान भाऊ आपल्याच कोपराने पाण्यात ढकलला जातोय, हे आपल्या शिष्टमंडळाला दिसत असणार. दिसूनही दोन्ही वेळा एकच भाषण वाचलं जातं. श्रीमंतांसाठी एक आणि बेटांसाठी दुसरी अशी भूमिका घेणं अवघड आहे, पण मुत्सद्दी लोक पगार त्याचाच घेतात. बेटांच्या सीमा कायम राहाव्यात याला भारताने स्पष्ट, लेखी पाठिंबा द्यायला कोळशाचा एक टनही कमी करावा लागत नाही.

आणि हे काही परोपकाराचं काम नाही. लक्षद्वीप ही आपलीच कंकणद्वीपं आहेत, साठ-पासष्ट हजार माणसांची. तिथल्या बंगाराम कंकणद्वीपावरचा परळी-एक नावाचा निर्जन तुकडा झिजून पूर्ण नाहीसा झाला, 2017 मध्ये ते नोंदवलं गेलं. तेव्हा आपल्याकडे कुणी 'बुडणारा भारत' असा मथळा दिला नाही, आणि तेच बरोबर होतं. तुवालूलाही तेवढाच मान मिळावा.

देण्याजोगं आपल्याकडे काही आहे. समुद्राच्या खोल थंड आणि वरच्या कोमट पाण्यातल्या तापमानाच्या फरकावर खारं पाणी गोडं करणारं संयंत्र 2005 मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर उभारलं, रोज एक लाख लिटरचं. बेटाचा अनुभव असलेलं तंत्रज्ञान आहे. 2023 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, पोर्ट मोर्स्बीला, आपल्या पंतप्रधानांनी पॅसिफिक बेट-देशांना जे देऊ केलं त्यातही पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांचा उल्लेख होता. द्यावीत, लवकर द्यावीत, आणि देताना नुसती फीत कापून येऊ नये. पंपाचं सील, पडदे, फिल्टर, तिथलीच दोन मुलं नीट शिकवून तयार केलेली, आणि सुट्या भागांची एक भरलेली पेटी. फुनाफुतीला विमान फिजीहून येतं, आठवड्यातून मोजक्या वेळा. ते येण्याआधी भोंगा वाजतो, कारण संध्याकाळी धावपट्टीवर मुलं व्हॉलीबॉल खेळत असतात.